अलार्म सप्रेशन टेस्ट करताना या चुका टाळा

नेटवर्क मॉनिटरिंगमधे राऊटर पडला की मागच्या 40 स्विचचे 40 मेल नकोत, एकच यावा, एवढ्यासाठी सप्रेशन असतं. आणि लोक टेस्ट कशी करतात, तर राऊटर बंद करायचा, मोबाईलकडे बघायचं, काही वाजलं नाही, चला झालं. अरे पण राऊटरचा स्वतःचा अलार्म तरी आला का?

एका ठिकाणी हेच झालं. शीटवर पास लिहून सगळे मोकळे. मेल सर्व्हर होता त्याच राऊटरच्या पलीकडे, त्यामुळे मेल रांगेत अडकले आणि राऊटर चालू झाल्यावर धो धो आले, स्विचचे पण, कारण स्विचचा पॅरेंट, म्हणजे तो कुठल्या डिव्हाइसच्या मागे आहे ही सेटिंग, कुणी लावलीच नव्हती. 'टेस्टचे मेल आहेत' म्हणून ते न वाचता डिलीट केले! पुढे लिंक खरंच तुटली तेव्हा मॉनिटरिंगकडून काहीच नाही, युजरच्या फोनवरून कळलं. म्हणून मी मेलवर विश्वासच ठेवत नाही, आधी इव्हेंट लॉग उघडतो. नागिओस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमधे राऊटर डाऊन आणि मागची डिव्हाइस अनरीचेबल दिसायला हवीत, सगळीच डाऊन दिसली तर पॅरेंट चुकलाय. अनरीचेबल दिसूनही मेल येत असतील तर नोटिफिकेशन ऑप्शन्समधला 'यू' (अनरीचेबलचे मेल पाठवायचा पर्याय) बघा.

दुसरा लाडका शॉर्टकट म्हणजे मॉनिटरिंग सर्व्हरच्या फायरवॉलमधे फक्त राऊटरचा आयपी ब्लॉक करणं. स्विच तर मजेत पिंगला उत्तर देतायत, मग दाबलं काय? मागची डिव्हाइस पण ब्लॉक करा, नाहीतर परवानगी काढून इंटरफेसच शटडाऊन करा.

एक चेक फेल झाला की लगेच राऊटर परत चालू करणारे पण आहेत. मॅक्स चेक अटेम्प्ट्स (ठरलेल्या वेळा परत चेक) पूर्ण होऊन हार्ड स्टेट (पक्कं डाऊन) येईपर्यंत थांबा ना, कुठे गाडी सुटतेय.

मेंटेनन्स किंवा सायलेन्स (अलार्म मुद्दाम गप्प ठेवणारे मोड) चालू ठेवून टेस्ट करू नका. हे सांगावं लागतं, काय करणार.

झॅबिक्स या दुसऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमधे राऊटर 5 मिनिटांनी आणि स्विच 1 मिनिटाने चेक होत असेल तर स्विचचा अलार्म आधी निघून जातो, डिपेंडन्सी (स्विचचा अलार्म राऊटरवर अवलंबून ठेवायची सेटिंग) बरोबर असली तरी. राऊटरचा इंटरव्हल कमी ठेवा.

अलर्ट पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजर सॉफ्टवेअरच्या इनहिबिट रूलमधे (एक अलर्ट चालू असताना दुसरा दाबायचा नियम) 'इक्वल'खालची लेबलं दोन्ही अलर्टमधे नसतील तर तो ती सारखीच धरतो आणि भलताच अलर्ट दाबतो.

आणि उलटी टेस्ट कुणीच करत नाही. राऊटर चालू, एकच स्विच बंद, अलार्म यायलाच हवा. मग दोन्ही बंद करून फक्त राऊटर चालू करा, स्विच मेलेलाच ठेवा, आता त्याचा अलार्म येतो का बघा. मी हीच आधी करतो.