पंचांग उघडून शूटिंग: कोकण किनाऱ्यावर पाच जणांत सिनेमा

स्वतःच्या पैशाने, चार-पाच जणांत सिनेमा करायचा तर तारखा नटांच्या आधी समुद्राला विचारा. जुना हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. बारानंतर तितक्या तासांनी पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशोब मुंबईकडचा. मालवणात पाणी आधी चढतं, म्हणून तिथे एखादा दिवस पुढे धरा आणि भरतीच्या तक्त्यात पडताळून घ्या.

किनाऱ्यावरचे संध्याकाळचे सगळे प्रसंग चतुर्दशी ते द्वितीया या चार दिवसांत बसवा. उधाणाची ओहोटी नेमकी सूर्यास्ताच्या सुमाराला येते, पुळण लांबवर उघडी पडते आणि ओल्या वाळूत आकाश उतरतं. तो उजेड भाड्याच्या दिव्यांनी मिळत नाही. अष्टमीला सहा वाजता भरती असते आणि भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी चढ-उताराचं, पाणी फारसं मागे हटत नाही. चुकलात तर पंधरा दिवस थांबा. एक प्रसंग दोन दिवसांत तोडू नका: तीन दिवसांनी भरती अडीच तास पुढे सरकलेली असते, पाण्याची रेघ जुळत नाही.

गाज, म्हणजे लाटांचा सततचा आवाज, हा खरा शत्रू. ती माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात मिसळलेली असते, त्यामुळे नंतर साफ करायला गेलं की शब्दही खरवडले जातात. ओहोटीला लाटा दूर जातात, हा दुसरा फायदा. नटाला समुद्राकडे तोंड करून उभं करा, माइकची पाठ समुद्राला. चेहऱ्यावर मावळतीचा उजेड येतो आणि गाज दबते. समुद्र मागे हवाच असेल तर तो शॉट संवादाविना, लांबून घ्या. माइकवर केसाळ आवरण हवंच. प्रत्येक जागेची दोन मिनिटं नुसती गाज वेगळी रेकॉर्ड करा, नाहीतर प्रत्येक कटला आवाज उडी मारतो.

लेन्सवर खारं बसलं की कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग ओलसर कापड. रात्री सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा. घरात दिव्यांचा फ्लिकर, म्हणजे लुकलुक, दिसला तर कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद करा.

ट्रॉलरचा प्रसंग १ जून ते ३१ जुलैमध्ये धरू नका, मासेमारी बंद असते.

दशावतारी नट मिळाले तर सोनं. ते संवाद उत्स्फूर्त रचतात. पाठ करायला लावलंत तर हरवतात. प्रसंग सांगा, त्यांच्या मालवणीत बोलू द्या. मात्र आवाज उघड्या रंगमंचाचा, म्हणून गेन (रेकॉर्डिंगची पातळी) कमी ठेवा. जत्रांच्या दिवसांत रात्रभर त्यांचे प्रयोग असतात, तेव्हा सकाळी बोलावू नका.

शेवटी कागद. वितरक किंवा ओटीटी परवानगीपत्रं मागतातच. कोकणातलं घर बहुधा सामायिक असतं. एका भावाची सही घेऊन शूटिंग केलंत तर मुंबईतला दुसरा पुढे हरकत घेऊ शकतो. घरपट्टीच्या उताऱ्यावरची सगळी नावं बघा आणि सह्या गणपतीत घ्या, चाकरमानी घरी असतात तेव्हा. शूटिंग कार्तिकात.