ओरिएंटिअरिंगच्या शर्यतीआधी: कुठे पळायचं, कुठे वेग कमी करायचा

ओरिएंटिअरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे, झेंडे लावलेल्या जागा (कंट्रोल) क्रमाने गाठत पळायची शर्यत. पहिलं काम शर्यतीच्या आठवडाभर आधीचं: स्वतःची पावलं मोजा. १०० मीटर अंतर आखून घ्या. ते एकदा पायवाटेवर, एकदा झाडीतून आणि एकदा चढावर पळून पार करा. दर वेळी उजवं पाऊल किती वेळा टेकलं ते लिहून ठेवा. तिन्ही आकडे वेगळे येतील आणि ते तिन्ही पाठ हवेत. सोबत नकाशाच्या प्रमाणाचा हिशेबही पक्का करा. १ सेंटिमीटर म्हणजे १:१५,००० च्या नकाशात १५० मीटर, १:१०,००० मध्ये १०० आणि स्प्रिंटच्या (छोट्या, वेगवान शर्यतीच्या) १:४,००० मध्ये फक्त ४०. जंगलाच्या नकाशाची सवय असलेला माणूस स्प्रिंटमध्ये कंट्रोल ओलांडून पुढे जातो, कारण त्याच्या अंदाजापेक्षा कंट्रोल फार लवकर आलेला असतो.

पळता पळता नकाशा वाचायचा सराव रोजच्या धावण्यातच करा. मोकळा, सपाट रस्ता निवडा, जुना नकाशा घडी घालून हातात धरा, आपण जिथे आहोत असं मानलंय तिथे अंगठा ठेवा आणि वळण आलं की नकाशा फिरवून उत्तरेशी जुळवा. मी कुठे आहे आणि आता पुढे काय दिसणार, या दोन प्रश्नांची उत्तरं ज्या वेगात देता येतात तो तुमचा शर्यतीचा वेग. दम आणखी असेल, पाय तयार असतील, पण उत्तरं सुटली की त्यापुढचा वेग वाया जातो. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि सराव नेमका याचाच कमी होतो.

सामान थोडंच: पकड असलेले बूट, पाय झाकणारे कपडे, शिट्टी, होकायंत्र. आदल्या दिवशी होकायंत्राची सुई खरंच उत्तर दाखवते का ते बघा. फोनजवळ किंवा चुंबकाजवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई कधी कधी उलटी होते. ओरिएंटिअरिंगच्या नकाशावरच्या रेषा चुंबकीय उत्तरेच्याच असतात, म्हणून वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही. कंट्रोल गाठल्याची नोंद ठेवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड असेल तर सुरुवातीआधी ते क्लिअर (जुन्या नोंदी पुसणं) आणि चेक (पुसल्या गेल्या का ते बघणं) करून घ्या.

नकाशा हातात आला की लगेच धावत सुटू नका. सुरुवातीची जागा दाखवणारा त्रिकोण शोधा, नकाशा उत्तरेशी जुळवा, पहिल्या कंट्रोलकडे कसं जायचं ते ठरवा. यात वीसेक सेकंद गेले तर जाऊ द्या. पहिला कंट्रोल मुद्दाम सावकाश गाठायचा, कारण नकाशा काढणाऱ्याने काय दाखवलंय आणि काय वगळलंय ते तिथेच कळतं. समोरून कुणी जोरात गेला तरी त्याच्यामागे जाऊ नका, त्याचा कोर्स, म्हणजे गाठायच्या कंट्रोलचा संच, वेगळा असू शकतो.

प्रत्येक टप्प्याचा विचार कंट्रोलकडून उलटा करा. कंट्रोलजवळ सहज सापडणारी, चुकायला वाव नसलेली जागा कोणती? वाटेचा फाटा, कुंपणाचा कोपरा, मोठा खडक असं काहीतरी. हा अटॅक पॉइंट. तिथवर नेणारी वाट, ओढा किंवा डोंगरधार दिसली की त्या भागात मनसोक्त पळा. अटॅक पॉइंटपासून पुढे वेग उतरवा, होकायंत्र धरा, पावलं मोजा. कंट्रोल ओढ्याच्या काठी असेल तर नेमका त्यावर रोख धरू नका. मुद्दाम एका बाजूला जा, म्हणजे ओढा लागल्यावर कुठे वळायचं हे आधीच ठरलेलं असतं.

सरळ जायचं की वळसा घालायचा, हे ठरवायला एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवा: १० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचं साधारण १०० मीटर धावणं. समोच्च रेषा ५ मीटरच्या अंतराने असतील आणि सरळ वाट सहा रेषा चढत असेल, तर ३० मीटर चढ, म्हणजे ३०० मीटर जादा. वळशाने वाढणारं अंतर त्याहून कमी असेल आणि तो पायवाटेचा असेल तर तोच घ्या. नकाशावरच्या गडद हिरव्या भागातून, म्हणजे दाट झाडीतून, जाणारी सरळ रेषा तर बहुतेकदा सोडूनच द्यावी.

कंट्रोलपाशी पोचण्याआधीच बाहेर पडायची दिशा माहीत हवी, नाहीतर झेंड्याशेजारी उभं राहून नकाशा उलगडण्यात वेळ जातो. पंच करताना, म्हणजे कंट्रोल गाठल्याची नोंद करताना, तिथला क्रमांक आपल्या यादीतल्या क्रमांकाशी जुळवाच. नारिंगी-पांढरा झेंडा दिसला की आनंदाने हात पुढे जातो, पण दुसऱ्या कोर्सचा कंट्रोलही जवळच असू शकतो आणि चुकीच्या पंचने निकाल रद्द होतो.

जमीन नकाशाशी जुळेनाशी झाली तर थांबा. मी एकदा शेजारच्याच, अगदी तशाच दिसणाऱ्या घळीत उतरले होते आणि समोरचं सगळं जबरदस्तीने नकाशात बसवत राहिले. खात्रीच्या शेवटच्या जागेकडे परतायला मला फार उशीर झाला. आता दोन खुणा जुळल्या नाहीत की मी मागे वळते.

शर्यतीच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात डोकंही थकलेलं असतं. तिथे वाटा सोप्या निवडा, चार पावलं जास्त पडली तरी चालतील. शेवटच्या कंट्रोलचा क्रमांकही वाचा. तिथून फिनिशपर्यंत वाट पट्ट्यांनी आखलेली असेल, तर नकाशा मिटा आणि उरलेला सगळा दम लावून पळा. फिनिशचा पंच विसरू नका.