गावात तेढ असताना संवादाची बैठक कशी घ्यायची

सप्टेंबर 2023 मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, ऑक्टोबरअखेर बीडमध्ये जाळपोळ झाली. तेव्हापासून मराठवाड्यातल्या काही गावांत किराणा कुणाच्या दुकानातून घ्यायचा हेसुद्धा जात बघून ठरू लागलं. 2025 मध्ये बीड पोलिसांनी स्वतःच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली, यावरून पाणी कुठवर आलंय ते कळतं. अशा गावातही माणसं समोरासमोर बसतात आणि मोकळी होतात. मात्र तयारी न करता बैठक बोलावली तर ती भांडण वाढवूनच उठते.

आधी एक गोष्ट पक्की करा. मारहाण झाली असेल, कुणाला धमकी आली असेल, तर पहिलं काम पोलीस ठाण्यात फिर्याद. दलित कुटुंबावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं हाही अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. ‘गावातलं गावात मिटवू’ म्हणत फिर्याद मागे घ्यायला लावणारी बैठक हा संवाद नव्हे, दबाव आहे. त्यात पडू नका.

बैठक चालवायला दोघं हवेत, दोन्ही बाजूंचा एकेक. सरपंचकीला उभं राहणारा किंवा पक्षाचा पदाधिकारी नको. निवृत्त गुरुजी, आशाताई, बचत गटाची अध्यक्ष, ज्यांचं दोन्हीकडे येणं-जाणं आहे अशी माणसं शोधा. त्यांनी पहिले तीन आठवडे फक्त घरोघर जायचं, एका घरी तासभर. सल्ला द्यायचा नाही, दुसऱ्या बाजूची वकिली करायची नाही. दोनच प्रश्न विचारायचे: ‘या गावात तुमच्या मनाला शेवटचं कधी लागलं?’ आणि ‘तिकडच्या वस्तीत तुमचं जवळचं कोण होतं?’ दुसऱ्या प्रश्नावर माणूस थांबतो. बांधाला बांध असलेला तात्या, बाळंतपणाला धावून आलेली नानी, ईदला शिरखुर्मा पाठवणारी भाभी, कुणीतरी आठवतंच. बैठकीला कुणाला बोलवायचं ते या उत्तरांवरून ठरवा. एकूण दहा-बारा माणसं, दोन्हीकडची सारखी. जास्त झाली की भाषणं सुरू होतात.

जागेचा विचार नीट करा, कारण पहिला अपमान तिथेच होतो. मारुतीचा पार टाळा. पारावर कोण बसायचं आणि खाली कोण उभं राहायचं, हे म्हाताऱ्यांना अजून आठवतं. मंदिर, विहार, मशीद, पाटलाचा वाडा यांपैकी काहीच नको. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली बरी. सगळे एकाच सतरंजीवर, गोल. एकालाही खुर्ची नाही. गुडघे दुखणारा कुणी असेल तर मग सगळ्यांनाच खुर्च्या. चहा एका किटलीतून, कप एकसारखे, आणि तो वाटायचं काम दोन्हीकडच्या एकेकाने मिळून करायचं. कोण कुणाच्या हातचं पितो, हे सगळे न बोलता बघत असतात. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये सांगितलं होतं की नुसत्या भेटीने पूर्वग्रह जात नाहीत. भेट बरोबरीच्या नात्याने व्हावी लागते, काम सामाईक लागतं, एकमेकांची मदत लागते आणि वरच्यांचा पाठिंबा लागतो.

सोयाबीन काढणीचे दिवस, निवडणूक आणि आठवडी बाजाराचा वार सोडून वेळ ठरवा. दोन तासांवर लांबवू नका. बायकांची बैठक आधी वेगळी, दुपारी घ्या. पुरुषांसमोर त्या बोलत नाहीत, आणि घरातल्या पोरांच्या डोक्यात काय चाललंय ते त्यांनाच आधी कळतं.

बैठकीत नियम तीन. फक्त स्वतः पाहिलेलं, भोगलेलं सांगायचं. एकाने पाच मिनिटं बोलायचं, मध्ये कुणी तोडायचं नाही. मोबाईल बंद करून टोपलीत. क्लिप बाहेर गेली की त्या गावात पुन्हा कुणी तोंड उघडत नाही.

बोलून झालं की समोरच्या बाजूच्या एकाने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. बैठकीचा खरा जीव इथे आहे. समजा, एक जण म्हणाला, ‘दोन एकर कोरडवाहू. पोरीला थोडक्या मार्कांनी नंबर लागला नाही. सोयाबीन विकून फी भरली.’ समोरच्याने आरक्षणाचं गणित काढायचं नाही. ‘म्हणजे मामा, पोरीची फी भरताना घरात काही उरलं नाही, असंच ना?’ एवढंच म्हणायचं. मग हा समोरचा आपलं सांगेल: ‘बाप ऊसतोडीला जायचा, मी फडातच वाढलो. पोराला मिळालेली जागा उद्या जाईल म्हणून झोप येत नाही.’ आता तेवढंच पहिल्याने परत सांगायचं. कुणाचं दुःख मोठं, ही चढाओढ लागली तर तिथेच थांबवा.

‘तुम्ही लोक माजलात’ असं वाक्य आलं तर रागावू नका, विचारा: ‘कधी? कुठे? तुमच्यासोबत काय झालं?’ अनेकदा उत्तर ‘ऐकलंय’ असं येतं. ‘आपल्या गावात जातपात नाहीच’ हे वाक्य जास्त अवघड, कारण ते बहुधा ज्याला सोसावं लागलं नाही तो बोलतो. स्मशानभूमी एक आहे का, एवढं विचारून पुढच्याकडे वळा.

जुन्या जखमा निघणारच. निजामाच्या काळात रझाकारांनी गावं लुटली, हे एका घरात सांगितलं जातं. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपल्यानंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या, हे दुसऱ्या घरात. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाल्यावर दलितांची घरं जळाली आणि नामविस्ताराला 14 जानेवारी 1994 उजाडला. बैठक चालवणाऱ्याला हे सगळं माहीत हवं. एकाने आपलं सांगितलं म्हणून दुसऱ्याचं खोटं ठरत नाही. माफी मागायला किंवा माफ करायला कुणावरही जोर करू नका.

तरुण पोरांसाठी बैठकीपेक्षा एकट्या-एकट्याने गाठणं बरं. अमेरिकेतल्या मायामीत दारोदार जाऊन साधारण दहा मिनिटं, न हिणवता, स्वतःचा अनुभव आठवायला लावून केलेल्या बोलण्याने तृतीयपंथीयांबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला, असं 2016 च्या एका अभ्यासात दिसलं. ‘तुला कधी कुणी वेगळं वागवलं का?’ हा प्रश्न शेतात, कट्ट्यावर कुठेही विचारता येतो.

दुसऱ्या दिवशी जड गोष्ट सांगणाऱ्याच्या घरी जाऊन या. रात्री त्याला ‘उगीच बोललो’ वाटलेलं असतं. आठवड्याभरात दोन्ही वस्त्यांचा एखादा पाणंद रस्ता किंवा शाळेची भिंत हातात घ्या. दोन्हीकडच्या दोघा-दोघांचे नंबर एकमेकांकडे ठेवा: ग्रुपवर भडक मेसेज आला की पुढे पाठवण्याआधी समोरच्याला फोन करायचा, ‘खरंय का?’ म्हणून. पुढच्या बैठकीची तारीख महिन्याच्या आतली धरा, आणि ती पहिल्याच बैठकीत, चहा संपायच्या आत ठरवून टाका.