अल ऐनला बदली झालीय? मग हे वाचा

बदली दुबईऐवजी अल ऐनला झाली म्हणून हिरमुसू नका. ओमानच्या सीमेला टेकलेलं हे संयुक्त अरब अमिरातीतलं (UAE) बुटक्या इमारतींचं शहर आहे, आणि माझ्या मते मुलाबाळांसकट राहायला दुबईपेक्षा बरं.

पहिलं म्हणजे नळ. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापून दुपारी कढत पाणी येतं. गिझर बंद ठेवा आणि त्यातलं पाणी गार म्हणून वापरा. इथे मुरलेले सगळे तेच करतात. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातली कामं कायद्याने बंद असतात, बाहेरची कामं त्या हिशेबाने लावा. ऑगस्टअखेर पहाटे सुहैल तारा दिसला की लोक खूश होतात. आपला अगस्त्य तोच. उकाडा मात्र आणखी महिनाभर तरी छळतो.

सामान लागलं की मॉलआधी खजुराची राई बघा. वर्षाला 100 मिलिमीटरही पाऊस नसलेल्या मुलखात एक लाखाहून जास्त खजुराची झाडं उभी आहेत, ती फलजच्या जिवावर. फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं भूजल हलक्या उतारावरून बागेपर्यंत आणणारा भुयारी पाट, ही युक्ती इथे सुमारे 3000 वर्षांपूर्वीची. पाणी पाळीने, दिवसा सावली आणि रात्री तारे बघून. पाटकऱ्याची भांडणं पाहिलेल्या आपल्या माणसाला हे चटकन कळतं. शेख झायेद 1946 पासून इथला कारभार बघत. त्यांनी फलज दुरुस्त केले, पाणीवाटपात सुधारणा केली. 1971 मध्ये ते देशाचे पहिले अध्यक्ष झाले. इथल्या लोकांना त्यांच्याविषयी वाटणारी आपुलकी दिखाऊ नाही, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलताना जपून. 2011 पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत आहे.

अरब शेजाऱ्याने बोलावलं तर जा. वेलचीची कॉफी छोट्या फिंजानमध्ये घोटभरच मिळते. उजव्या हाताने घ्या. पुरे झाली की रिकामा कप हलवून परत द्या, नाहीतर ओतणारा ओततच राहील. घरातल्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत, विचारायचंही नाही.

आणि हिवाळ्यात डबे घेऊन सहलीला निघालात, तर वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या, पात्रात सतरंजी अंथरू नका. डोंगरात पाऊस पडला की डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येतो. वाहत्या वादीत गाडी घातली तर दंड वेगळाच.