एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलूनही कंटेनर जुनेच का वापरतो?
डॉकर कंपोजवर, म्हणजे ॲप्लिकेशनचे कंटेनर (स्वतंत्र, बंदिस्तपणे चालणारे भाग) एकत्र चालवणाऱ्या साधनावर, वेब ॲप्लिकेशन चालवताना एखाद्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंगची) व्हॅल्यू बदलली, तर नुसते ‘डॉकर कंपोज रीस्टार्ट’ करून भागत नाही. व्हेरिएबल कंटेनर तयार होतानाच त्यात जातात, त्यामुळे ‘डॉकर कंपोज अप’ चालवून तो नव्याने तयार करावा लागतो. ‘डॉट एन्व्ह’ फाइल कंपोज आपोआप वाचते, पण ती कंपोज फाइलमधील व्हेरिएबलच्या जागा भरण्यापुरती. त्या व्हॅल्यू कंटेनरच्या आत हव्या असतील, तर सर्व्हिसखाली तशी नोंद स्वतंत्रपणे करावी.

सर्वाधिक वेळ जातो तो पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पासवर्डपायी. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज (ज्यावरून कंटेनर तयार होतो तो साचा) पासवर्डचा व्हेरिएबल फक्त डेटा फोल्डर रिकामे असताना, म्हणजे पहिल्यांदा सुरू होतानाच विचारात घेते. व्हॉल्यूम (डेटा साठवण्याची कंटेनरबाहेरची जागा) तेच ठेवून नंतर फाइलमध्ये कितीही बदल केले, तरी डेटाबेसचा पासवर्ड जुनाच राहतो. अशा वेळी व्हॉल्यूम पुसण्याची घाई मुळीच करू नये, हे कळकळीने सांगावेसे वाटते, कारण त्याबरोबर सगळा डेटा जातो. पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला कमांड देण्याच्या साधनात) जाऊन ‘ऑल्टर यूजर’ने पासवर्ड बदलावा आणि मगच ॲप्लिकेशनचा कंटेनर नव्या व्हॅल्यूसह सुरू करावा. ‘डॉकर कंपोज कॉन्फिग’ने अंतिम व्हॅल्यू तपासता येतात, त्यात पासवर्डही उघडे दिसत असल्याने तो मजकूर कोणालाही पाठवू नये.