संस्थेची सूत्रं हाती घेतलीत? या चुका टाळा

सामाजिक संस्थेत नवा मुख्य कार्यकारी आला की पंधरवड्यात नवं बोधचिन्ह, नवी वेबसाइट आणि पाच वर्षांचा आराखडा यांची घाई सुरू होते. कागदपत्रांचं कपाट मात्र कुणी उघडत नाही. नव्यानं पदावर आलेल्यांसोबत मी बरीच वर्षं बसते आहे. सगळ्यात महागात पडलेली चूक हीच.

एका वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेत कंपनीतली नोकरी सोडून एक हुशार तरुण संचालक झाला. चेकवर ज्या दोघांच्या सह्या लागत, त्यातले एक विश्वस्त वारले. नव्या सहीचा ठराव घेऊन तो बँकेत गेला, तर बँकेनं धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे विश्वस्तांच्या नावांची सरकारी नोंद, मागितला. त्यावर सगळी जुनीच नावं! मंडळ तीन वर्षांपूर्वीच बदललं होतं; सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत द्यायचा बदल अर्ज कुणी दिलाच नव्हता. मग विलंबमाफीचा अर्ज, वकील, तारखा. खात्यात पैसे असून दोन महिने पगार थांबले. स्वयंपाकाच्या मावशी किराणा दुकानातली उधारीची वही घेऊन ऑफिसात आल्या, काही न बोलता ती टेबलावर उघडून ठेवली. ते पान मी विसरलेले नाही.

म्हणून माझी सवय सांगते. पहिल्याच आठवड्यात हिशेबनीसांच्या शेजारी खुर्ची टाकून इतिवृत्ताची वही मागच्या तीन वर्षांपासून वाचायची. परिशिष्ट १ वरची नावं आजच्या मंडळाशी ताडून बघायची. १२ए (संस्थेला आयकरातून सूट), ८०जी (देणगीदारांना करसवलत), एफसीआरए (परदेशी निधी घेण्याची परवानगी) या नोंदण्यांच्या मुदती आपल्या वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहायच्या. परदेशी निधी असेल तर एफसी-४ साठी, म्हणजे त्या निधीच्या वार्षिक विवरणासाठी, ३१ डिसेंबरही. ‘ते सीए बघतात’ हे उत्तर मला चालत नाही. सीए आठवण करतील, जबाबदारी संस्थेचीच राहते.

एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्याच्या पगाराला ‘तात्पुरते’ वळवू नका. परदेशी निधीत तर अजिबात नाही. एफसीआरए कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे.

गावाला गाडीतून जाऊन, फोटो काढून संध्याकाळी परतू नका. दोन रात्री कार्यकर्तीच्या घरी राहा. तिची रजिस्टरं कोणत्या दिव्याखाली भरली जातात ते बघितलंत, की नवं ॲप लादायची घाई आपोआप कमी होते.

संस्थापक ताईंना टाळणं हीसुद्धा नेहमीची चूक. त्या ‘मध्ये पडतात’ ही तक्रार मी सतत ऐकते. पडणारच, आयुष्य दिलंय त्यांनी. ठरलेल्या वारी तासभर त्यांच्या घरी जा, आणि काय ठरलं ते त्याच दिवशी अध्यक्षांना कळवा.

आणि वाईट बातमी अध्यक्षांना भर बैठकीत पहिल्यांदा कळता कामा नये. आठवडाभर आधी फोन करा, अजेंड्यासोबत बँकेतल्या शिलकीचा एक कागद जोडा.