मुलांच्या गालात पांढऱ्या रेषा दिसल्या? या चुका टाळा

मुलाच्या गालाच्या आत पांढरं काही दिसलं की निदान घरीच होतं: "तोंड आलंय, उष्णता वाढली." मग बी-कॉम्प्लेक्स, नाहीतर मेडिकलवाल्याने दिलेलं बुरशीचं औषध. पण गालात पांढऱ्या रेषा उठवणारा आणखी एक आजार आहे, ओरल लायकेन प्लॅनस. तो मुलांमध्ये कमी दिसतो, पण दिसतो. आणि तो ओळखण्याआधी मुलाचे किती हाल होतात, ते नागपुरात लहान मुलांचे दात तपासताना मी वारंवार पाहते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पांढरं दिसलं की बुरशी समजणं. मागे एक शाळकरी मुलगी आली होती. कित्येक आठवडे बुरशीवरच्या क्लोट्रिमॅझोलचे थेंब चालू होते, आणि आजी रोज ओल्या फडक्याने गाल घासत होत्या. आई काकुळतीने म्हणाली, "मॅडम, पुसून पुसून थकलो, पण निघूनच नाही राहिलं." निदान त्या एका वाक्यातच होतं! बुरशीचा थर दह्याच्या कवडीसारखा असतो, पुसला की निघतो आणि खाली लाल जागा दिसते. मी गॉजने हलकेच पुसून पाहिलं, काही हललं नाही. आरसा धरून गाल ताणला तर दोन्ही बाजूंना बारीक पांढऱ्या रेषांचं जाळं, आणि मधे रोजच्या घासण्याने सोललेला लाल पट्टा. तिला दुखत होतं ते मुख्यतः तिथेच. मनगटं दाखव म्हटलं, तर चपटे, जांभळट, खाजरे पुरळ. घरच्यांना वाटलं होतं, डास चावले. तोंड आणि कातडी एकत्र पाहायची असते. नखंही बघा.

घासणं बंद करा. आजच.

दुसरी चूक मलमाची. नुसत्या रेषा असतील आणि त्रास नसेल, तर बहुतेक वेळा औषध लागतच नाही, फक्त लक्ष ठेवायचं. सालपट निघून आग होत असेल तर ट्रायमसिनोलोनचं ०.१ टक्के तोंडात लावायचं मलम देतात. पालक ते ओल्या गालावर फासतात, मूल दोन मिनिटांत पाणी पितं, आणि चार दिवसांनी तक्रार येते की औषध लागू पडत नाही. औषध तिथे टिकलंच नाही, तर लागू कसं पडणार? मी सांगते ते असं: रात्री ब्रश झाल्यावर जागा गॉजने टिपून कोरडी करा, पातळ थर लावा, चोळू नका, नंतर निदान अर्धा तास खाणं-पिणं नाही. आराम पडला म्हणून मनाने बंद करू नका, आणि शेजारच्या मुलाला तर अजिबात देऊ नका. हे स्टिरॉइड आहे. बुरशी असलेल्या तोंडात लावलं तर बुरशी फोफावते. घाई करणाऱ्या पालकांवर मी यासाठीच रागावते.

बाकीच्या चुका थोडक्यात. मुलाचं ताट-पेला वेगळं करू नका. हा आजार संसर्गाने होत नाही, शरीराच्याच टी-पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पेशी, तोंडाच्या अस्तरावर हल्ला करतात. आग होत असताना तर्री-पोहे, सावजी रस्सा आणि संत्री बाजूला ठेवा. कडक पुदिन्याची टूथपेस्टही बदला. डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितला तर 'कॅन्सर आहे का' म्हणून पळू नका. शंका असेल तिथे बायोप्सीनेच खात्री होते. मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवता येतं. चांदी भरलेल्या दाताला टेकणाऱ्या जागीच चट्टा असेल तर तेही सांगा, आणि चालू असलेल्या गोळ्यांची यादी घेऊन या. काही औषधांनी हुबेहूब असेच चट्टे उठतात. मोठ्या मुलांना खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) किंवा गोड सुपारीची सवय आहे का, हेही न लाजता विचारा. त्याचे डाग वेगळे आणि धोका मोठा.

मुलांमध्ये याचं कॅन्सरमध्ये रूपांतर अत्यंत दुर्मीळ आहे, तरीही तपासणी सोडू नका. दर वेळी त्याच उजेडात दोन्ही गालांचे फोटो काढून ठेवा, म्हणजे लाल भाग वाढला की आटला ते पुढच्या भेटीत लगेच कळतं.